साक्षीदार क्रमांक चार

दारात उभं राहून मोहिनीबाईंनी हात जोडले आणि ‘नमस्कार, मी’ एवढंच म्हटलं, तेवढ्यात आत भिंतीला टेकून बसलेली म्हातारी म्हणाली, “जजबाई शे ना तू?” बाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. सकाळपासून देवपुरातली चाळीसेक दारं झाली होती आणि प्रत्येक दारात यशोदाबाई, पक्षाची त्या प्रभागातली जुनी कार्यकर्ती, आधी पुढे होऊन सांगत होती, या आपल्या उमेदवार, मोहिनी बोरसे मॅडम, रिटायर्ड जज. इथे मात्र यशोदाबाई मागच्या घरी कुणाशी तरी बोलत मागे राहिली होती. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ती बाईंकडे नाही, बाईंच्या जरा डावीकडे, चौकटीकडे बघत होती. “कसं ओळखलंत, अक्का?” बाईंनी विचारलं. म्हातारी हसली नाही की रागावली नाही. “आवाजवरतीन,” ती म्हणाली. “अकरा वरीस व्हयनात. तू बोलनी आनि मी वळखं.” मग हाताने भिंत चाचपत ती उठली, माठाशी गेली, पाण्याचा पेला भरून घेऊन आली आणि बरोबर बाईंच्या हातात दिला. तेवढ्यात यशोदाबाई आली आणि हरखून म्हणाली, “बघा मॅडम! डोळ्यांनी दिसत नाही तरी ओळखतात लोक तुम्हाला. असा उमेदवार कुठल्या पक्षाकडे आहे सांगा!” तिने मतदारयादीवर बोट फिरवत म्हातारीला नाव विचारलं. मोतीबाई, म्हातारी म्हणाली. मोतीबाई पुना. यशोदाबाईने नावापुढे खूण केली. पाणी थंड होतं, डिसेंबरातलं, दातांना लागणारं. बाईंनी ते संपवलं, पेला परत दिला आणि पुढच्या दाराकडे निघाल्या.

पुढच्या दोन गल्ल्या त्या हात जोडत होत्या, हसत होत्या, कुणाच्या बाळाच्या गालाला हात लावत होत्या, पण सगळं जरा लांबून, दुसरंच कुणी करत असल्यासारखं. गेली तीस वर्षं हात लोकांनी त्यांच्यासमोर जोडले होते. त्या आत आल्या की माणसं उठून उभी राहायची, खुर्च्या सरकल्याचा एकच आवाज व्हायचा आणि मग शांतता पसरायची, ती शांतता त्यांची असायची. निवृत्तीनंतर धुळ्याच्या या घरात शांतता पुष्कळ होती, पण ती कुणाचीच नव्हती. नवरा निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच गेला होता. मुलगा बेंगळुरूला. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी एकवीरा देवीच्या रस्त्याने पांझरेच्या पुलापर्यंत फेरी. भाजीवाला ‘मावशी, मेथी घ्या’ म्हणाला तेव्हा पहिल्यांदा त्या चमकल्या होत्या. म्हणूनच असेल, नोव्हेंबरात योगराज नाना घरी आले, पक्षाचे जिल्ह्याचे निरीक्षक, आणि म्हणाले, “ताई, महापालिकेत तुमच्यासारखं निःपक्ष माणूस हवं,” तेव्हा निःपक्ष माणसाला पक्षाचं तिकीट कसं, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला होता, पण त्यांनी त्याला बसायला सांगितलं. लोक पुन्हा ऐकतील. एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते वाईट होतं असं त्यांना आजही वाटत नव्हतं. अर्ज भरताना निवडणूक अधिकाऱ्याने शपथ वाचायला दिली. हजारो माणसांना शपथ देणाऱ्या त्यांचा आवाज पहिल्या ओळीवर अडखळला, तेव्हा नाना मागून हसत म्हणाले होते, “आता तुमची पाळी, ताई.” अकरा वर्षं. कुठे होतो आपण अकरा वर्षांपूर्वी? मोतीबाई पुना. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी, नळावर भांडी घासणाऱ्या एका बाईला नमस्कार करताना, ते नाव एकदम दुसऱ्याच आवाजात ऐकू आलं, कोर्टाच्या शिपायाच्या, व्हरांड्यात लांबवर जाणाऱ्या: मोतीबाई पुनाऽऽ, हाजीर हो. बाई थांबल्या. “काय झालं मॅडम?” यशोदाबाईने विचारलं. “डोकं दुखतंय,” बाई म्हणाल्या. “आज इथेच थांबू.”

घरी येऊन त्यांनी पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. कपाटाच्या खालच्या खणात त्यांनी दिलेल्या महत्त्वाच्या निकालांच्या प्रती वर्षवार लावलेल्या होत्या. तो निकाल सापडायला वेळ लागला नाही. एकतीस पानं, इंग्रजीत, नीट समास सोडून. सातपुड्याच्या पायथ्याचं एक लहान गाव, पावसावरची शेती, बाकीचं वर्ष मोहाची फुलं, डिंक आणि केळीच्या बागांतली मजुरी. मोतीबाईचा मुलगा नवल, वय तेवीस. नदीतून वाळू भरून येणारी ट्रॅक्टरं जवळच्या वाटेने त्यांच्या पेरलेल्या शेतातून जायची, आणि एका संध्याकाळी नवल ट्रॅक्टरपुढे आडवा उभा राहिला. सकाळी त्याचं प्रेत शेजारच्या केळीच्या बागेत पाटाच्या कडेला सापडलं, डोक्यात मागून घाव. आरोपी एक, धर्मेंद्र, बागेचा आणि ट्रॅक्टरचा मालक. ज्यांनी पाहिलं असं पोलिसांना सांगितलं होतं ते दोघे कोर्टात उलटले. उरली साक्षीदार क्रमांक चार, मयताची आई. परिच्छेद एकोणीस: हिनेही आपण आरोपीला पाहिलं नसल्याचं स्वतः कबूल केलं आहे. मराठी जबाबातलं ते वाक्य इंग्रजीत जाऊन आणखी सुबक झालं होतं. संशयाचा फायदा. निर्दोष मुक्तता. सही. बाईंनी तो परिच्छेद तीनदा वाचला. त्यात एकही चूक नव्हती. जे रेकॉर्डवर होतं त्यावरून दुसरा निकाल देताच आला नसता, आज दिला असता तरी हाच दिला असता. पण रेकॉर्ड. जबाब साक्षीदार देतो आणि लिहिला जातो असं बाहेरच्यांना वाटतं. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते ऐकून टायपिस्टला सांगतो, आणि न्यायाधीश जे सांगतो तेवढंच कागदावर उतरतं. म्हातारीने मघाशी चौकटीकडे बघत म्हटलेलं ते एक वाक्य बाईंच्या कानांत पुन्हा आलं, तू बोलनी आनि मी वळखं, आणि त्याच्यामागून हळूहळू, पाण्यातून वर यावं तसं, दुसरं एक वाक्य वर आलं, त्याच आवाजातलं, जे या एकतीस पानांत कुठेच नव्हतं.

मे महिना होता. पंखा फिरत होता पण वारा छतापाशीच राहत होता. सरकारी वकिलाने मोतीबाईला प्रेत कसं सापडलं एवढंच विचारलं आणि तो खाली बसला. पोलिसांनी घेतलेल्या जबाबातही तेवढंच होतं. मग बचावाचा वकील उठला, मोठा, जळगावहून आणलेला, आणि त्याने सावकाश विचारलं, “बाई, त्या संध्याकाळी धर्मेंद्रला तुम्ही तिथे पाहिलं का? हो की नाही, एवढंच सांगा.” पिंजऱ्याच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून मोतीबाई बोलली. ती वकिलाशी बोलली नाही, वर बघत, बाईंशी बोलली: “आंधारं व्हतं माय, देखं नही मी. पन तो बोलना आनि मी वळखं. दरसाल तो आमना पाडावर येस, नाव लिसन मजुरसले हाका मारस. त्याना आवाज मी कसा भुलसू?” वकील म्हणाला, “मॅडम, साक्षीदार प्रश्नाबाहेर जातेय.” घड्याळात एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. जेवणाची सुट्टी होऊन पाच मिनिटं उलटली होती. टायपिस्टची बोटं कीबोर्डवर थांबली होती, ती मोहिनीबाईंच्या तोंडाकडे बघत होती. सरकारी वकील फाइलची दोरी बांधत होता. आणि बाईंनी सांगितलं होतं, “घ्या. मी आरोपीला त्या ठिकाणी पाहिले नाही. पूर्णविराम.” आपण ‘पूर्णविराम’ म्हटलं होतं हेसुद्धा आता आठवलं. मोतीबाईने टायपिंगचा आवाज ऐकला होता, तिला वाटलं असेल सगळं लिहिलं गेलं, एवढं बोलले तर एवढं लिहिलं गेलंच असेल. शेवटी ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ हा छापील मजकूर होता आणि त्याखाली तिचा निळा अंगठा.

दुपारभर त्या स्वतःशीच खटला लढल्या, आणि दोन्ही बाजूंनी चांगल्या लढल्या. ते वाक्य लिहिलं असतं तरी काय झालं असतं? पोलिसांच्या जबाबात नव्हतं म्हणजे मागाहून सुचलेली भर, असं वकिलाने म्हटलं असतं. नुसत्या आवाजावरची ओळख हा कच्चा पुरावा, वरच्या कोर्टांनी शंभर वेळा सांगितलंय. निकाल बहुतेक हाच लागला असता. बहुतेक. पण वजन करायचं ते लिहून झाल्यावर. तराजूत टाकण्याआधीच वस्तू खिशात घालणारा माणूस, ती हलकीच होती असं म्हणून सुटतो का? आणि मग सगळ्यात टोचणारी गोष्ट अशी, की दुभाष्याची चूक झाली असं म्हणण्याचीही सोय नव्हती. अहिराणी ही त्यांची घरातली भाषा. त्या चोपड्याच्या. वडील, लोटन बोरसे, तिथल्या कोर्टात शिपाई होते. पुकारा करायचे. घर कोर्टाच्या मागच्याच गल्लीत. लहानपणी आई पोळ्या करायची आणि वडिलांचा आवाज भिंतीवरून यायचा, तीनदा, प्रत्येक वेळी जरा वर चढत, आणि आई तव्यावरून पोळी उतरवता उतरवता म्हणायची, आज तुझ्या बापाचा घसा बसलाय बघ. बाप दिसत नसायचा. पण तो बापच आहे याबद्दल कुणी शंका काढली असती तर सात वर्षांची मोहिनी खदखदून हसली असती. तीच मुलगी पुढे खुर्चीवर बसली आणि एका आईने सांगितलं, दिसला नाही पण ओळखला, तेव्हा तिला त्यातलं पहिलं अर्धंच ऐकू आलं. की ऐकू आलं होतं सगळं, आणि भूक लागली होती? भूकच लागली होती. लाच नव्हती, दबाव नव्हता, फोन आला नव्हता. त्यातलं काही असतं तर त्यांनी ते धुडकावलं असतं, आणि आयुष्यभर अभिमानाने सांगितलं असतं. पाच मिनिटं उशीर झाला होता आणि वाक्य लांब होतं.

निकालाच्या शेवटच्या पानावर आरोपीच्या जामीनदाराचं नाव होतं, योगराज. दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या नानांच्या घरी गेल्या. योगराज नाना ओसरीत खुर्ची टाकून उन्हात बसले होते, केळीच्या गाड्यांबद्दल फोनवर बोलत. त्यांनी हातानेच बसा म्हटलं, आतून चहा मागवला, फोन ठेवला. “या ताई. काल फेरी मस्त झाली म्हणे. यशोदा सांगत होती, आंधळी माणसंसुद्धा ओळखतात तुम्हाला.”

“नाना, एक विचारायचंय. धर्मेंद्र तुमचा कोण?”

नानांच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही, उलट तो मोकळा झाला. एखादा जुना विषय समोरच्याने काढावा, आपण काढू नये, अशी वाट बघत असल्यासारखा. “भाचा. सख्ख्या बहिणीचा पोऱ्या. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही कधी बोलला नाहीत, मी पण म्हटलं, मोठी माणसं बोलून दाखवत नाहीत.” त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “ताई, आम्ही उपकार विसरणारी माणसं नाही. माझी बहीण अकरा वर्षं तुमचं नाव घेऊन देवापुढं दिवा लावते.”

“मी उपकार केले नव्हते, नाना. पुरावा नव्हता.”

“तेच म्हणतो ना मी. पुरावा नव्हता.” ते समजूतदारपणे हसले. त्यात डोळा मारल्याचा भाग नव्हता. त्यांना खरंच आदर वाटत होता. “पोरगा तापट होता तेव्हा. आता बघाल तर ओळखणार नाही. दोन लेकरं आहेत, माळकरी झालाय. एक आयुष्य वाचवलंत तुम्ही.”

तापट होता तेव्हा. चहा आला. बाईंनी कपाला हात लावला नाही. न केलेल्या गुन्ह्यातून सुटलेल्या माणसाबद्दल त्याचा मामा असं बोलत नाही. तो म्हणतो, माझ्या भाच्याला अडकवलं होतं. तीस वर्षं माणसांची वाक्यं ऐकून एवढं कळत होतं. “आणि तिकीट?” त्यांनी विचारलं, “तेही त्यासाठीच?”

“छे! तिकीट लायकीवर दिलंय,” नाना म्हणाले, आणि मग, अगदी मनापासून, “पण लायकीची माणसं पुष्कळ असतात, ताई. आपली कोण, तेही बघावं लागतं ना.”

रिक्षाने परत येताना बाईंना वाटलं की रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या माणसाने त्यांना फसवलं नव्हतं. अकरा वर्षं तो प्रामाणिकपणे समजून होता की या बाईने आपल्यासाठी काहीतरी केलं, आणि आता तो प्रामाणिकपणे परतफेड करत होता. त्याला जाऊन काय सांगणार, की मी तुमच्यासाठी काही केलं नाही, मी फक्त एका बाईचं बोलणं अर्ध्यावर तोडलं? दोन्हींत फरक होता. पण तो फरक त्यांच्या आत होता, आणि मोतीबाईच्या अंगणातून पाहिलं तर कुठेच नव्हता. तिच्या बाजूने दिसणारं चित्र सरळ होतं: जजबाईने मारणाऱ्याला सोडलं, मारणाऱ्याच्या मामाने जजबाईला तिकीट दिलं, आणि जजबाई मत मागायला माझ्याच दारात आली. तरी तिने पाणी दिलं. ते का दिलं, हे मात्र बाईंना कळेना. त्या दिवसभर त्या पाण्याचाच विचार करत राहिल्या. ते माफीचं होतं, की तिच्यापुरता तो विषय अकरा वर्षांपूर्वीच संपला होता, की दारात आलेल्या कुणालाही द्यायचं असतं म्हणून दिलं होतं.

शुक्रवारी सकाळी त्या एकट्याच गेल्या. अर्ज मागे घ्यायची मुदत त्या दिवशी तीनपर्यंत होती, पण घरातून निघताना त्यांनी तसं काही ठरवलं नव्हतं. दार उघडलं ते तिशीतल्या एका मुलीने, अंगावर नर्सचा पांढरा गणवेश, केस अजून ओले. मोतीबाईची मुलगी ममता. नवल गेल्यावर हिनेच शिकून नोकरी धरली आणि आईला गावाहून इथे आणलं, हे बाईंना नंतर कळलं. आता दारात फक्त तिचे डोळे दिसले, आणि त्यांत ओळख होती. “आईनं सांगितलं तुम्ही येऊन गेलात ते,” ती म्हणाली. “आज पत्रक आणलंय का?”

बाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच बोलल्या. त्यांना वाटलं होतं नीट मांडता येईल, पण वाक्यं तुटत गेली. तुमच्या आईने तेव्हा सांगितलं होतं की आवाज ओळखला. मी ते लिहून घेतलं नाही. माझ्या हातून झालं. आत मोतीबाई तांदूळ निवडत होती, चाचपून खडा काढत होती. तिचे हात थांबले.

ममता म्हणाली, “मी तो जबाब वाचलाय, मॅडम. नक्कल काढून. मी आईला किती भांडले माहितेय? तू कोर्टात का नाही सांगितलंस म्हणून. ती म्हणायची, सांगितलं होतं. मी म्हणायचे, खोटं बोलू नकोस, कागदावर नाहीये.” तिचा आवाज चढला नाही, पण गणवेशाचं टोक तिने मुठीत धरलं होतं. “अकरा वर्षं मी तिला खोटी समजत होते.”

बाईंनी मान खाली घातली. हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. निकालात आरोपी असतो, मयत असतो. या घरात एक मुलगी आपल्या आईवर विश्वास ठेवेनाशी झाली, ते कुठल्याच परिच्छेदात येत नाही.

“आज का आलात?” ममताने विचारलं. “परवा मत मागितलंत, आज माफी मागताय. चार दिवसांनी गल्लीत सगळ्यांना कळेल, मॅडम स्वतः येऊन चूक कबूल करून गेल्या, किती मोठ्या मनाच्या. दोन्ही एकदम नको. काय मागायचं ते एकच मागा.”

“ममता,” मोतीबाई आतून म्हणाली, “उभी काबरं ठेवस तिले?” पण ममता दारातून हलली नाही, आणि बाईंना ते बरोबरच वाटलं.

पावणेतीनला त्या निवडणूक कार्यालयात पोहोचल्या. अधिकारी तरुण होता, त्याने उठून खुर्ची दिली, अर्ज पाहून तो गोंधळला. “मॅडम, कुणाचा दबाव वगैरे नाही ना?” बाईंना हसू आलं. “नाही,” त्या म्हणाल्या, “तसं असतं तर बरं झालं असतं.” कारण लिहायची गरज नसते, तो म्हणाला. त्यांनी सही केली, पोच घेतली. बाहेर दोन्हीकडच्या पक्षांची माणसं गठ्ठ्यागठ्ठ्याने उभी होती आणि कुणीतरी फोन कानाला लावून त्यांच्याकडे बघत होतं. त्या घरी पोहोचण्याआधी नानांचा फोन आला. “ताई, काय केलंत हे? आम्ही काय कमी केलं तुम्हाला?” त्यांच्या आवाजात दुखावलेपण होतं, धमकी नव्हती, धमकी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी दिली. “नाना,” बाई म्हणाल्या, “तुमच्या भाच्याच्या खटल्यात मी एका साक्षीदाराचं म्हणणं गाळलं. ते आता मी शपथेवर लिहून देणार आहे.” मग नाना हळू म्हणाले, “असं कुणी करतं का, ताई?” आणि त्यांना खरंच उत्तर हवं होतं असं वाटलं.

त्या प्रभागात पुढे जी निवडून यायची ती निवडून आली. औरंगाबादच्या खंडपीठात ममताच्या नावाने अपील दाखल झालं, सोबत निवृत्त न्यायाधीशाचं प्रतिज्ञापत्र. वकिलाने आधीच सांगितलं, मुदत केव्हाच टळलीय, उशीर माफ होईल की नाही याची खात्री नाही, आणि असं प्रतिज्ञापत्र मी तरी कधी पाहिलेलं नाही. पहिली तारीख पडली, मग दुसरी. धर्मेंद्रला नोटीस निघाली. पेपरात चौकटीत बातमी आली आणि बाईंच्या बरोबरीच्या एका निवृत्त न्यायाधीशांनी फोन करून सांगितलं, “मोहिनी, असं प्रत्येकाने उकरायचं म्हटलं तर एक तरी निकाल उभा राहील का?” संध्याकाळच्या फेरीत काही ओळखीचे लोक रस्ता बदलू लागले, आणि भाजीवाला मावशी म्हणत राहिला.

पण ते सगळं पुढचं. अर्ज मागे घेतला त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी त्या पुन्हा मोतीबाईकडे गेल्या होत्या. ममताने पोच वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाली, “बसा.” प्रतिज्ञापत्रासाठी मोतीबाईला त्या संध्याकाळचं सगळं पुन्हा विचारायचं होतं. बाई खाली चटईवर बसल्या, मांडीवर वही घेतली. त्यांनी प्रश्न विचारला नाही. “सांगा अक्का,” म्हणाल्या, “तुम्हाला वाटेल तिथून. मी तसंच्या तसं लिहिते.” मोतीबाई बोलू लागली तशा त्या अहिराणीतच लिहीत गेल्या, शब्द न बदलता, वाक्य न आवरता. पेरणी कशी झाली होती, ट्रॅक्टरच्या चाकांनी पेरलेल्या कुठल्या तीन ओळी मोडल्या, नवल दोन दिवस कसा गप्प होता. ऊन दारातून आत आलं, भिंतीपाशी गेलं. ममताने मध्येच भाकरी-वांग्याची भाजी आणून ठेवली, ती गार झाली. धर्मेंद्र काय म्हणाला, कुठून म्हणाला, मोतीबाई कुंपणाआड कुठे उभी होती, हाक मारायला तिचं तोंड कसं उघडलं आणि आवाज कसा निघाला नाही. बाईंचं बोट दुखू लागलं. बावीस पानं झाली होती.

“त्या दिनले सकायमा,” मोतीबाई म्हणाली आणि थांबली. तिने चेहरा बाईंच्या दिशेने वळवला. “त्या दिनले सकायमा मना नवल मनावर चिडना व्हता. मी त्याले…” तिचा हात चटईवरून सरकत आला, वहीच्या कडेला लागला आणि पानावर पालथा पडला, लिहिता येऊ नये असा. “हाई नको लिखू. हाई कोर्टनं नही, मनं शे.”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“नही लिखत,” त्या म्हणाल्या. “तू सांग.”

आणि मोतीबाई सांगू लागली.